ग्रिम : १२३ भाग आणि एक न नोंदवलेला गुन्हा

आधी व्यवहाराचं सांगते. ‘ग्रिम’ ही अमेरिकन मालिका जुनी आहे. एनबीसी वाहिनीवर २०११च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि २०१७च्या मार्चमध्ये संपली. सहा सीझन, एकूण १२३ भाग. पहिल्या पाच सीझनमध्ये प्रत्येकी २२ आणि शेवटच्यात १३. रक्त बऱ्यापैकी आहे, मुंडकी उडतात, पण अंगावर येईल असं फार वेळ दाखवत नाहीत. सबटायटल्स लावली तर माझ्या वयाच्या माणसालाही इंग्रजी झेपतं. एक सूचना: पुढे कथेतली बरीच गुपितं फुटणार आहेत, कारण मला ज्यावर बोलायचंय ते तिसऱ्या सीझनच्या शेवटी घडतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी इथूनच परत फिरावं.

मी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे पोलिसांच्या मालिका मला सहसा बघवत नाहीत. पंच नाहीत, पंचनामा नाही आणि हिरो मुद्देमाल खिशात घालून चाललाय, असं दिसलं की माझा हात रिमोटकडे जातो. ही बघितली ती भाचीमुळे. ती कायदा शिकते, माझ्याकडे सदाशिव पेठेत राहते आणि समोर काहीतरी लावल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. पहिल्याच भागात हिरोची मावशी येते, पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं भाच्याच्या डोक्यावर ठेवते आणि अंथरूण धरते. त्यावर भाचीने माझ्याकडे जे काही बघितलं, तेव्हाच ही मालिका आमच्या घरी टिकणार हे ठरलं.

तर कथा अशी. ओरेगन राज्यातलं पोर्टलंड, सदा ओलं, झाडीने भरलेलं. तिथे निक बर्कहार्ट हा खुनांचा तपास करणारा डिटेक्टिव्ह. त्याला अचानक काही माणसांचे खरे चेहरे दिसायला लागतात. लांडगा, कोल्हा, डुक्कर, उंदीर. हे म्हणजे ‘वेसन’, माणसांत माणसांसारखे राहणारे, आणि निक हा त्यांना ओळखू शकणाऱ्या ‘ग्रिम’ घराण्यातला. मावशीने मागे सोडलेल्या ट्रेलरमध्ये जुन्या हस्तलिखित पोथ्या आणि हत्यारं. दर भागात एक गुन्हा, त्याला लोककथेचा धागा. पहिल्या भागात लाल टोपडंवाल्या मुलीची गोष्ट, आणि लांडगा कोण, तर टपाल वाटणारा साधासुधा दिसणारा माणूस. कल्पना झकास आहे आणि पहिले दोन सीझन ती पुरते.

माझ्या दृष्टीने मालिकेचा जीव मोन्रोत आहे. हा लांडग्याच्या जातीचा, पण मांस सोडलेला, व्यायाम आणि पथ्यपाण्यावर स्वतःला आवरून धरणारा, घड्याळं दुरुस्त करून पोट भरणारा. त्याच्या तोंडी कायम एक कुरकुर असते आणि मदतीला पहिला तोच. पुढे रोझाली येते, कोल्ह्याच्या जातीची. तिचं मसाल्यांचं आणि चहाचं दुकान बघून मला मंडईजवळची काष्ठौषधींची दुकानं आठवली. बरण्या, लाकडी खण, कशात काय आहे ते फक्त मालकाला माहीत. ही दोघं एकमेकांना सावकाश पसंत करतात. घाई नाही, फसवाफसवी नाही. सबंध मालिकेत नीट विचारून, नीट सांगून झालेलं प्रेम हे एकच, आणि ते लांडग्या-कोल्ह्याचं आहे.

आता अडालिंड. ही हेक्सनबीस्ट, म्हणजे चेटकीण, आणि पेशाने वकील. (भाची म्हणाली, “मावशी, हसू नकोस.” मी हसले नव्हते.) पहिल्या सीझनमध्ये ती निकचा सहकारी हँक याला बिस्किटांतून वशीकरणाचं औषध देते. त्यातलं एक बिस्कीट सार्जंट वू सहज उचलून तोंडात टाकतो आणि आजारी पडतो, उठल्यावर न खायच्या वस्तू खायला लागतो. हे सगळं विनोदाच्या अंगाने दाखवलंय आणि विनोद जमलाही आहे. पण हँक त्या औषधाच्या अमलाखाली तिच्यासोबत रात्र काढतो आणि मग शुद्ध हरपून इस्पितळात पडतो. निक झटापटीत आपलं रक्त अडालिंडच्या तोंडात जाऊ देतो, त्याने तिची शक्ती जाते, हँक शुद्धीवर येतो, विषय संपला. बिस्किटं कुणी तपासायला पाठवली? हँकचा जबाब कुणी घेतला? पोलीस ठाण्यात घडलेली विषबाधा आणि त्याच ठाण्यातल्या अधिकाऱ्यावर झालेला अत्याचार, आणि कागद एकही नाही. जादूटोणा कागदावर घेता येत नाही हे मी समजू शकते. औषध घालून गुंगवलं, एवढं तरी येतं.

मग तिसऱ्या सीझनचा शेवट. मोन्रो-रोझालीच्या लग्नाचा दिवस. पाहुणे सगळे वेसन, आणि डोळ्यांत बघून तो ग्रिम आहे हे त्यांना कळू नये म्हणून निकने काळा चष्मा लावून उभं राहायचं ठरलेलं. घाईगर्दी, कपडे, फुलं. अशा वेळी ज्युलिएट, म्हणजे निकची जोडीदार, घरी येते आणि त्याच्या जवळ येते. प्रेक्षकाला माहीत असतं की ही ज्युलिएट नाही. अडालिंडने तिचं रूप घेतलंय. घर तेच, आवाज तोच, हसण्याची लकब तीच. दिग्दर्शकाने इथे एक गोष्ट चोख केलीय: खोटी ज्युलिएट क्षणभर खोलीभर नजर फिरवते, पाहुण्या माणसाने बघावं तशी. निकला ते दिसत नाही. का दिसावं? स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसाकडे कोण संशयाने बघतं? त्या संबंधातून निकची ग्रिमची शक्ती जाते. तेच हवं होतं.

मालिका यानंतर सबंध एक सीझन या घटनेवर उभी आहे, पण ती बोलते शक्तीबद्दल. शक्ती गेली, शक्ती परत कशी आणायची, शक्तीवाचून पोलिसाची नोकरी कशी करायची. त्याच्या संमतीची चोरी झाली, हे वाक्य कुणी म्हणत नाही. उलट ज्युलिएट दुखावलेली आणि निक अपराधी चेहऱ्याचा. त्या प्रसंगांतला न बोललेला प्रश्न एकच: तुला समजलं कसं नाही? हा प्रश्न मी नोकरीत किती उलटतपासांत ऐकला असेल. फिर्यादी बाई पिंजऱ्यात, पदराशी चाळा करत, आणि बचाव पक्षाचे वकील गोड आवाजात विचारताहेत, “बाई, एवढ्या दिवसांत तुम्हाला काहीच समजलं नाही?” टायपिस्ट हे वाक्य शांतपणे उतरवून घेते. इथे फरक इतकाच की पिंजऱ्यात पुरुष आहे, आणि पिंजरा घरातलाच आहे.

भाचीने जेवण बाजूला ठेवून कलमं काढली. आपल्याकडे १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम ६३ बलात्काराची व्याख्या करतं, आणि त्यातला चौथा प्रकार या प्रसंगाच्या फार जवळचा आहे: आपण तिचा नवरा नाही हे पुरुषाला माहीत आहे, आणि ती मात्र तो नवराच आहे असं समजून संमती देते. जुन्या दंड संहितेच्या ३७५व्या कलमातही हेच होतं. म्हणजे रूप बदलून येणाऱ्याचा विचार आपल्या कायद्याने केव्हाच करून ठेवलाय, फक्त आरोपी पुरुष आणि पीडित स्त्री असेल तरच. शिवाय त्यात लग्न झालेलं हवं, निदान झालंय असा तिचा समज तरी हवा. निक आणि ज्युलिएटचं लग्न झालेलंच नाही. पहिल्या सीझनमध्ये त्याने विचारलं होतं आणि तिने नाही म्हटलं होतं. तेव्हा समजा उलटं घडलं असतं, कुणी निकचं रूप घेऊन ज्युलिएटकडे गेला असता, तरी हे चौथं पोटकलम जसंच्या तसं लागू पडलं नसतं. मग कलम २८: गैरसमजातून दिलेली संमती, आणि समोरच्याला तो गैरसमज ठाऊक असेल, तर ती संमतीच धरत नाहीत. भाचीच्या मते ज्युलिएटच्या बाबतीत त्यावर खटला उभा राहिला असता. नव्याने आलेलं ६९ कलम फसव्या मार्गाने ठेवलेल्या शरीरसंबंधाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं, ओळख लपवून लग्न करणंही त्यात येतं. पण तेही पुरुषाने स्त्रीशी केलेल्या फसवणुकीपुरतंच.

“मग निकला काय?” मी विचारलं.

“तोतयेगिरी,” ती म्हणाली. “३१९. पाच वर्षांपर्यंत.”

बरोबर आहे तिचं. फसवणुकीच्या व्याख्येत फक्त पैसाअडका येत नाही. शरीराला, मनाला, लौकिकाला पोचलेली इजाही येते. पण सदाशिव पेठेत बसून तोतयेगिरीचं कलम ऐकलं की भाऊसाहेबांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. ही पेठच सदाशिवरावभाऊंच्या नावाची. १७६१ला पानिपतावर भाऊ पडले, आणि पुढे काही वर्षांनी एक सुखनिधान नावाचा माणूस मीच भाऊ म्हणत उभा राहिला. सरदारांपैकी काहींचा त्याच्यावर विश्वासही बसला. पार्वतीबाई तेव्हा हयात होत्या; त्यांनी कुंकू पुसलं नव्हतं असं सांगतात. त्या तोतयाला अखेर १७७६मध्ये पकडून पुण्यात ठार मारलं. राज्याचा वारस, फौज, खजिना, या सगळ्याचा विचार त्या प्रकरणात झाला, इतिहासाच्या पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. परका माणूस नवरा म्हणून आपल्या दारात आला असता तर, ही धास्ती पार्वतीबाईंनी कशी काढली असेल, ते मला कुठल्या पानावर सापडलेलं नाही.

आणि हा दगड अमेरिकन लेखकांना मारताना आपलं अंगण बघितलं पाहिजेच. रूप बदलून येणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याकडे काय कमी आहेत? इंद्र गौतमाच्या रूपात अहल्येकडे गेला. वाल्मीकींच्या रामायणात तिने त्याला ओळखलं होतं, नंतरच्या कथांत ती फसली. शाप दोन्हीकडे तिलाही मिळाला. विष्णू जालंधराच्या रूपात वृंदेकडे गेला, कारण तिच्या पातिव्रत्यामुळे जालंधर मरत नव्हता. म्हणजे कारण अडालिंडसारखंच: समोरच्याची शक्ती काढून घेणं. कळल्यावर वृंदेने विष्णूला दगड हो म्हणून शाप दिला. तिची फिर्याद म्हणा हवं तर, निदान तोंडावर दिली. आणि आपण काय केलं? दर कार्तिकात ऊस उभे करून, मंगलाष्टकं म्हणून, त्याच विष्णूशी तिचं लग्न लावतो. मीही लावते. आमच्या गॅलरीतली तुळस फार देखणी दिसते त्या दिवशी.

मला यात आवडते ती दमयंती. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण, यम असे चौघे नलाचं रूप घेऊन बसले, समोर पाच नल. पोरीने माळ टाकायची घाई केली नाही. मी मनाने नलाला वरलंय, तेव्हा तुम्ही खरी रूपं दाखवा, असं देवांना विनवलं. मग फरक दिसला: चौघांना घाम नाही, पापणी लवत नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, आणि पाचव्याची सावली पडलेली, माळ कोमेजलेली, अंगावर धूळ. त्याला तिने माळ घातली. होकार द्यायच्या आधी समोर कोण आहे ते कळलं पाहिजे, एवढा साधा हक्क तिने मागितला, आणि देवांनीही तो दिला.

‘ग्रिम’च्या लेखकांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. चौथ्या सीझनमध्ये ते याचा आरसा दाखवतात. निकची शक्ती परत आणायला आता ज्युलिएटने अडालिंडचं रूप घ्यायचं आणि त्याच्याजवळ जायचं. वेषांतर तेच, कृती तीच. पण या वेळी दोघांनाही सगळं माहीत आहे, दोघं आधी बोलतात, अवघडतात, चालेल ना असं विचारतात. हा प्रसंग मला सगळ्या मालिकेत सर्वांत हुशारीचा वाटला. एकाच देखाव्याच्या दोन प्रती, एकीत गुन्हा, एकीत संमती, आणि फरक फक्त माहितीचा. कायद्याच्या वर्गात हे दोन तुकडे शेजारी शेजारी दाखवावेत.

पण तो हिशेब लेखक पुरा करत नाहीत. या उपायाची किंमत कोण मोजतं? ज्युलिएट. तिच्यात चेटकिणीचे गुण उतरतात, ती बदलते, बिथरते, ट्रेलर जाळते, आणि निकच्या आईचा जीव जातो त्यात तिचा हात असतो. ज्या बाईचं रूप चोरलं गेलं, जिच्या घरात जिच्या नावाने हा प्रकार झाला, तीच शेवटी खलनायिका. दुसरीकडे अडालिंडला निकपासून दिवस गेलेले. मुलगा होतो, त्याला निकच्या आईचं नाव मिळतं, आणि पाचव्या सीझनमध्ये जुन्या कारखान्यात थाटलेल्या बंदिस्त घरात ही तिघं राहायला लागतात. आधी अवघडलेलं, मग सवयीचं, मग प्रेम. क्लेअर कॉफी ही नटी अडालिंडचं काम इतकं नितळ करते की बाळाला थोपटणाऱ्या बाईवर राग धरवत नाही. आणि नेमकं तेच मला खटकतं. तुळशीचं लग्न लागलं, पण इथल्या वृंदेने शापसुद्धा दिला नाही.

महाराष्ट्र पोलिसांकडे प्रकरण बंद करायलाही कागद असतो. गुन्हा खरा पण तपास लागत नाही, तर ‘ए समरी’. फिर्यादच खोटी, तर ‘बी’. खरं-खोटं ठरत नाही किंवा गैरसमजातून झालं, तर ‘सी’. यातलं काहीही चालवून घेतलं असतं मी. अडालिंडने एकदा निकसमोर बसून, मी तुझ्याशी हे केलं, असं म्हटलं असतं, त्याने माफ केलं असतं किंवा नसतं, तरी कागद पुरा झाला असता. ओशाळवाण्या नजरा आणि तुटक वाक्यं मिळतात. १२३ भागांत डिटेक्टिव्ह हिरो शेकडो लोकांना विचारतो, तुमच्यासोबत काय घडलं. त्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

भाचीला हे मान्य नाही. तिचं म्हणणं, अडालिंड स्वतः आधी फसवली गेली होती. तिची तान्ही मुलगी डायना तिच्याकडून काढून घेतली ती निकच्याच बाजूच्या लोकांनी, खोटा देखावा करून. आणि मुलगी परत देतो असं खोटं सांगून राजघराण्याच्या माणसाने तिच्याकडून हे काम करवून घेतलं. “आईला बाळ दाखवून काय वाटेल ते करायला लावता येतं. तिची तरी संमती कुठे होती, मावशी?” मुद्दा कच्चा नाही. शिक्षा ठरवताना मी तो नक्की ऐकून घेईन. पण तो शिक्षेच्या वेळचा मुद्दा झाला, आणि आपण अजून फिर्यादीच्याच पानावर आहोत. तिने अडालिंडचं वकीलपत्र घेतलंय, तेव्हा आमच्याकडे तारखा पडत राहणार.

बघावी का? पहिले चार सीझन जरूर बघा. पहिल्यात मधले काही भाग सांगाड्यासारखे एकसुरी आहेत, तेवढे सोसा. पाचवा मला जड गेला. त्यात गुप्त संघटना वगैरे घुसवून लोककथांचं बोट सोडलंय. सहावा छोटा आहे, सवयीने संपतो. घरात कॉलेजातली मुलं असतील तर तिसऱ्याचा शेवट आणि चौथ्यातला तो आरशातला प्रसंग त्यांच्यासोबत बसून बघा, मध्ये उठून चहा टाकायला जाऊ नका. पाचपैकी साडेतीन. अर्धा त्यातला एकट्या मोन्रोचा.